विनाअर्ज उत्तर दिल्याबद्दल

आमच्या शहरातल्या प्रोग्रामर मंडळींचा गट दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या माडीवर भरत असे आणि त्याला कोणतेही नियम नव्हते, ही गंभीर बाब आधीच नमूद केलेली बरी. ज्याचा प्रोग्राम अडला असेल त्याने लॅपटॉप उघडायचा, बाकीच्यांनी भोवती कोंडाळं करायचं आणि कोणीतरी "अरे, हे काय करून ठेवलंयस!" असं ओरडेपर्यंत वाट बघायची, एवढीच कार्यपद्धती होती. ओरडणारा बहुधा ठिगळ असायचा.

ठिगळ हे त्याचं टोपणनाव. एका विमा कंपनीत तो वीस वर्षं जुनं सॉफ्टवेअर सांभाळत होता. ते लिहिणारे सगळे केव्हाच निवृत्त झाले होते, त्यामुळे रोज नवीन ठिकाणी फाटणार आणि हा शिवणार. त्याला चार लोकांत धड बोलता येत नसे. पण दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक त्याला भाजी करपल्याचा वास यावा तशी लांबून कळायची. गट त्यानेच सुरू केला होता. म्हणजे, ग्रंथपाल बाईंकडून माडीची किल्ली तो आणायचा.

मग एका शनिवारी साहेब आले. साहेब मोठ्या कंपनीत मोठे व्यवस्थापक होते. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी प्रोग्रामची एकही ओळ लिहिली नव्हती, त्यामुळे सर्व संगणकभाषांविषयी त्यांची मतं अगदी निःपक्षपाती होती. दोन तास ते हाताची घडी घालून बसले आणि शेवटी म्हणाले, "काम चांगलं आहे. पण याला स्ट्रक्चर कुठंय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. स्ट्रक्चर कोणाकडेच नव्हतं.

"उद्या गटात चारशे लोक झाले तर काय करणार आहात?"

"खुर्च्या बाराच आहेत," ठिगळ म्हणाला.

या उत्तरात दूरदृष्टी नाही, हे तिथल्या तिथे सर्वांना पटलं.

सहा महिन्यांत फोनवरच्या आमच्या गटात चारशे बारा सदस्य झाले. साहेब अध्यक्ष झाले. त्यांच्या हाताखाली समन्वयक, सहसमन्वयक आणि चार उपसमित्या आल्या. त्यातली एक केवळ उपसमित्यांमध्ये समन्वय राखण्यासाठी होती. प्रश्न विचारण्यासाठी चौदा रकान्यांचा अर्ज तयार झाला. त्यातला तिसरा रकाना होता, 'हा प्रश्न आपण आधी स्वतःला विचारला आहे काय? असल्यास, काय उत्तर मिळाले?' शनिवारच्या बैठकीत आता पुढच्या बैठकीची विषयपत्रिका ठरू लागली. एकदा एकाने सवयीने लॅपटॉप उघडला, तर शेजारच्याने आपुलकीने विचारलं, "चार्जिंग संपलंय का?"

अशा या भरभराटीच्या काळात मूकबधिर शाळेच्या बाई माडीवर आल्या.

बाई तशा जुन्याच. दोन वर्षांपूर्वी आमच्यात बसून त्या शून्यापासून प्रोग्रामिंग शिकल्या होत्या. शाळेतल्या मुलांना घंटा ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक वर्गात दिवे बसवले होते. तास संपला की हिरवा, सुट्टी झाली की पिवळा. आणि स्वयंपाकघरातला तापमापक साठ अंशांच्या वर गेला, की आगीचा इशारा म्हणून लाल. सगळा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. गेले तीन आठवडे मात्र लाल दिवा सकाळी-सकाळी उगाच लागत होता.

बाईंनी रीतसर अर्ज केला होता. आठ दिवस उत्तर आलं नाही, म्हणून दुसरा केला. छाननी उपसमितीने दुसरा अर्ज 'हाच प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे' म्हणून बंद केला. आणि पहिला, 'याच विषयावर नवीन अर्ज आलेला आहे' म्हणून.

"तिसरा करा ना," सहसमन्वयक म्हणाला. "फक्त त्यात आधीचे दोन्ही संदर्भ टाका."

"अहो, ऐका तरी," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी लाल दिवा लागला तेव्हा सगळी मुलं पळत मैदानावर गेली. दुसऱ्या दिवशी निम्मी गेली. काल लागला, तर एकही मूल जागचं हललं नाही. माझ्याकडे बघून हसत बसली. उद्या खरंच आग लागली तर मी काय करू?"

साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. "आपली तळमळ पोहोचली. पण आज अपवाद केला तर उद्या प्रत्येक जण आग घेऊन येईल."

बाई उठल्या आणि जिन्याकडे गेल्या. त्यांच्यामागोमाग ठिगळही उठला. मी दाराजवळ बसलो होतो, म्हणून मला सगळं दिसलं. दोघं जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसले. ठिगळने लॅपटॉप मांडीवर घेतला, वर-खाली केलं आणि चार मिनिटांत म्हणाला, "बाई, हल्ली सकाळी गारठा पडतोय ना?"

"हो. स्वयंपाकघरात सात-आठ अंश असतं. चूल पेटली की मग वाढतं."

"मग बरोबर. तुमचं यंत्र आकड्याला आकडा समजतच नाहीये, शब्द समजतंय. शब्दकोशात कसं आधी पहिलं अक्षर बघतात? तसं ते आठाची आणि साठाची तुलना करताना साठातला नुसता सहा बघतं. आठ मोठा! लावला लाल दिवा."

"म्हणजे थंडी पडली की आग?"

"आणि दहा अंश झाले की विझली. कारण एक हा सहापेक्षा लहान."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या, की आत विषयपत्रिकेतला सातवा मुद्दा थांबला. ठिगळने एक शब्द बदलला. प्रश्न संपला.

आणि प्रकरण सुरू झालं. 'विनाअर्ज, जिन्यात, अनधिकृत उत्तर दिल्याबद्दल' ठिगळला शिस्त उपसमितीपुढे बोलावण्यात आलं.

"उत्तर दिलंत हे मान्य आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो. आणि ते बरोबर होतं."

साहेबांनी लिहून घेणाऱ्याकडे बघितलं. "नोंद करा. उत्तर बरोबर असणं हा बचाव होऊ शकत नाही. उलट, त्याने चुकीचा पायंडा पडतो."

"अहो, पण मुलं होती त्यात!"

"मुलांविषयी आम्हाला आदरच आहे. त्यांच्यासाठी वेगळी उपसमिती प्रस्तावित आहे."

ठिगळला काढावं की नाही, यावर फोनवर मतदान झालं. काढण्याच्या बाजूने नऊ मतं पडली. ती नऊही पदाधिकाऱ्यांची होती. विरोधात दोन: एक ग्रंथपाल बाईंचं, एक ठिगळचं. शाळेच्या बाई फोनवरच्या गटात नव्हत्याच. उरलेल्या चारशे एक जणांनी संदेश वाचला. लोकशाही मार्गाने नऊ विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि ठिगळ स्वतःच काढलेल्या गटातून बाहेर पडला.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी तो सवयीने नवाच्या ठोक्याला तयार झाला, पाठीवर पिशवी घेतली आणि तसाच पलंगावर बसून राहिला. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "सहा वर्षं मी ओरडत होते, एक शनिवार तरी घरी थांब म्हणून. आज थांबलास, तर बघवत नाही. जा बाबा कुठेतरी." तेव्हा तो मूकबधिर शाळेत गेला. आता तिथेच मोठ्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. मुलांनी खाणाखुणांच्या भाषेत त्याला नाव दिलंय: दोन बोटांनी हवेत टाका घालायचा. लाल दिवा लागला की मुलं पुन्हा पळतात, असं बाई सांगतात.

गटाच्या वार्षिक अहवालात 'मूकबधिर शाळा अग्निसुरक्षा प्रकल्प' हे वर्षातलं सर्वात ठळक यश म्हणून छापलं गेलं. सोबत साहेबांचा जिन्यात उभं राहून काढलेला फोटो आहे.

मतदानानंतर ठिगळला एकसष्ट खासगी संदेश आले. 'तुझंच बरोबर होतं रे.' 'फार वाईट वाटलं.' 'सगळ्यांना कळतंय, पण बोलणार कोण?' त्यातला एक माझा होता. त्याने सर्वांना एकच उत्तर पाठवलं, 'हेच गटात लिही ना.' आम्ही एकसष्ट जणांनी ते ताबडतोब वाचलं.

मी लिहिणारच होतो. पण एकट्याने कशाला पुढे व्हायचं? म्हणून मग ही गोष्ट लिहिली. गोष्टीत कोणाचं नाव नाही, गावाचंही नाही, याची तुम्ही नोंद घेतली असेलच. वाचून पटली असेल, तर जरूर कळवा.

फक्त खासगीत कळवा. गटात नको.