डावा पाय नवीन आहे

आम्ही या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात समोरच्या दारातले साटमकाका ओळख करून घ्यायला आले. मी चहा टाकला. काकांनी बसायच्या आधी शर्टाच्या खिशातून बोटाएवढी एक पट्टी काढली, आमच्या नव्या देव्हाऱ्यावर ठेवली आणि डोळे बारीक करून वाकले. पट्टीत काचेची नळी, नळीत हिरवट पाणी, पाण्यात एक बुडबुडा. तो बुडबुडा उजवीकडे सरकला.

"देव डावीकडे कललेत," काका म्हणाले. "पायाखाली पुठ्ठा घाला. समईतलं तेल एका बाजूला जाईल." मग चहा प्यायले आणि निकाल दिला, "चहा पास. पण आलं जास्त झालंय."

दत्ताराम साटम यांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून झाली. तयार माल त्यांच्या टेबलावर यायचा आणि काका त्यावर पास, रीवर्क किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचे. निवृत्त होताना शिक्के कंपनीत राहिले, सवय घरी आली. सुमनकाकींची आमटी आठवड्यातून एकदा तरी रीवर्कला जायची. टेंभी नाक्यावर देवीचा मंडप उभा राहिला की काका लांबूनच एक डोळा मिटून कमान बघायचे. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयालाही त्यांनी तपासून घेतलं. "मुलगा पास. पण बसताना खांदे पाडतो." जावई अजूनही त्यांना बघितलं की ताठ बसतो.

नुसतं 'पास' त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. पुढे 'पण' यायचाच. काकी म्हणायच्या, "आमच्या लग्नाआधी मुलगी बघायला आले तेव्हासुद्धा पास केलं होतं मला. पण म्हणे चालताना पदर एका बाजूला लोंबतो."

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी काका दाढी करत होते. आरसा वाकडा लटकलाय असं त्यांना वाटलं. तोंडाची डावी बाजू खाली दिसत होती. दुसरा कुणी असता तर त्याने आरसा सरळ केला असता आणि दाढी उरकली असती. काकांनी खिशातली पट्टी काढून आरशाच्या चौकटीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. काकांनी तोंडावरचा साबण पुसला, भिंत धरत स्वयंपाकघरापर्यंत आले आणि जड जिभेने म्हणाले, "सुमन, आरसा बरोबर आहे. मी वाकडा झालोय. दवाखान्यात चल."

अर्धांगाचा झटका होता. वेळेत आणलंत म्हणून डॉक्टरांनी काकींना शाबासकी दिली. काकांनी खाटेवरूनच दुरुस्ती केली. "तिने नाही. बुडबुड्याने."

वाचा बरीचशी सुधारली, हात सुधारला, डावा पाय मात्र मागे राहिला. उभं राहिलं की तोल जायचा, चालताना पाऊल जमिनीला घासायचं. आणि काकांचा डॉक्टरांना एकच प्रश्न, रोज राउंडला तोच. "भाऊबीजेपर्यंत जिना चढेन ना?"

डॉक्टरांना वाटलं, पेशंट थोडा भरकटलाय. आम्हाला माहीत होतं. डोंबिवलीला एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर काकांची थोरली बहीण राहते. आक्का. आई लवकर गेली तेव्हा कोकणातल्या घरात आक्कानेच काकांना वाढवलं, शाळेत पाठवलं आणि मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. आता तिचे यजमान नाहीत, मुलगा परदेशात. इमारतीला लिफ्ट नाही, आक्काचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती कितीतरी दिवसांत खाली उतरलेली नव्हती. वरून टोपली सोडून भाजी घ्यायची. काकांनी तिच्याकडची भाऊबीज एकदाही चुकवली नव्हती. त्यांना काहीही करून यंदाही तो जिना चढायचा होता.

शहाण्या लोकांनी शहाणे उपाय सुचवले. माझे यजमान म्हणाले, व्हिडिओ कॉलवर ओवाळून घ्या. "मग लाडू पण मोबाईललाच भरवा," काका म्हणाले. त्यांच्या बंगळुरूच्या मुलाने सांगितलं, चार माणसं लावू आणि खुर्चीत बसवून वर नेऊ. काका म्हणाले, "मी काय गणपती आहे? नेताना मिरवाल, आणताना विसर्जन कराल." विषय संपला.

मग फिजिओथेरपीसाठी पल्लवी यायला लागली. दिसायला कॉलेजातली वाटेल अशी मुलगी, पण कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. आधी गादीवर झोपून टाच पुढेमागे सरकवणं, गुडघे दुमडून कंबर उचलणं. मग हात न टेकता खुर्चीतून उठणं आणि धपकन न बसणं. मग ओटा धरून एका पायावर उभं राहणं. बुटक्या स्टुलाऐवजी पाटावर चढउतार करायची ठरली तेव्हा काकींनी चांगला पाट कपाटात दडवला आणि माळ्यावरचा जुना काढून दिला.

काकांनी तिच्याशी पहिल्याच दिवशी वाद घातला. "टाच किती उचलली की पास?"

"काका, पाय म्हणजे पंप नाहीये."

"लिमिट असेल ना काहीतरी."

"पाऊल घासलं नाही पाहिजे. एवढंच."

काकांना असला अघळपघळ कारभार पसंत नव्हता. त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. उजवा पाय जुना कामगार, डावा पाय नवीन भरती. डाव्याला ओरडायचं नाही, शिकवायचं. "नवीन आहे, येईल हळूहळू," असं ते आल्यागेल्याला पायाकडे बोट दाखवून सांगायचे. उजव्यावर सगळा भार गेला की म्हणायचे, "जुन्यालाच राबवलं तर तोही संपावर जाईल."

चालायचा सराव आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये. लादीच्या रेघेवर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत जायचं. काका सारखे एकाच बाजूला झुकायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातली पट्टी लादीवर ठेवली. बुडबुडा सरकला. पाणी वाहून जावं म्हणून पॅसेजला उतार आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. "बघ," काका पल्लवीला विजयाने म्हणाले, "फॉल्ट माझा नाही, फरशीचा आहे."

"बरंच झालं की," ती म्हणाली. "रस्ते कुठे सपाट असतात? इथे चाललात तर कुठेही चालाल."

काकांनी पट्टी उचलून खिशात ठेवली. पल्लवी गेल्यावर काकींना म्हणाले, "मुलगी पास. पण तोंडाळ आहे."

पुढे पुढे दुपारी काकी आडव्या झाल्या की काका एकटेच पॅसेजमध्ये सराव करायला लागले. मी कॉलेजातून शिकवून परत आलेली असायचे. दाराआडून त्यांचा आवाज यायचा. "टाच आधी. घाई नको. ओटा धर, ओटा. हां, आता सोड." मला जरा काळजी वाटायला लागली, कारण पॅसेजमध्ये ओटा कुठला? झटक्याने डोक्यावर थोडा परिणाम झाला असावा, असं मी काकींना आडवळणाने सुचवून पाहिलं. काकी म्हणाल्या, "पायाशी बोलतात गं ते. माझ्याशी बोलत नाहीत तेवढं पायाशी बोलतात."

त्याच दिवसांत काका मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. बूट मागवून हवे होते. हलके, न घसरणारे, नाडी न बांधता चिकटपट्टीने बंद होणारे. त्यांनी नंबर सांगितला तो मला फार लहान वाटला.

"काका, हे तुमच्या अंगठ्याच्या पुढेसुद्धा जाणार नाहीत."

"सांगतो ते मागव."

खोका आला तो त्यांनी न उघडता कपाटावर ठेवला. डोक्याबद्दलची माझी शंका आणखी पक्की झाली.

दिवाळी आठवड्यावर आली आणि काका पडले. चार पायांची काठी दाराला टेकवून, कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी पॅसेज एका दमात पार करायला घेतला होता. माझ्या उंबऱ्याशी आडवे झाले. यजमानांनी आणि मी उचलून बसवलं. लागलं विशेष नव्हतं, पण चेहरा उतरला होता. "रिजेक्ट," एवढंच म्हणाले. दोन दिवस पॅसेजमध्ये आले नाहीत. पल्लवीलाही परत पाठवलं. काकी रडवेल्या होऊन आक्काला येणं रद्द झाल्याचं कळवायच्या बेतात होत्या. मलाही फार वाईट वाटलं. त्यांच्या आवाजाशिवाय दुपार सुनी वाटत होती.

तिसऱ्या दिवशी बंद दाराआडून आवाज आला. "पडलो तर पडलो. त्यात काय? तू थांबायचं नाहीस. चल, उठ." मला वाटलं, चला, पायाची समजूत काढताहेत. थोड्या वेळाने दार उघडलं आणि काका काठी घेऊन पॅसेजमध्ये आले.

भाऊबीजेला मला कल्याणला माझ्या भावाकडे जायचंच होतं. काका-काकींना गाडीत घेतलं. काकींच्या पर्समध्ये आक्कासाठी साडी होती. काकांच्या मांडीवर तो खोका होता आणि तो ते कुणाला धरूही देत नव्हते.

जिन्याशी पोहोचल्यावर काकांनी आधी सगळ्या पायऱ्यांकडे बघून घेतलं. "पहिली उंच, दुसरी बुटकी. हा जिना पास केला कुणी?" मग एका हाताने कठडा धरला, काठी माझ्याकडे दिली आणि चढायला लागले. चढताना आधी चांगला पाय, मग कमजोर पाय त्याच पायरीवर आणायचा, हा पल्लवीचा नियम. काकी मागून, हात तयार ठेवून. पहिला मजला झाला. दुसरा झाला. दुसऱ्याच्या वरच्या वळणावर मात्र डावा पाय थरथरायला लागला. काका कठड्याला चिकटून उभे राहिले. घामाने शर्ट ओला झाला होता. वर अर्धाच जिना उरला होता आणि त्यांना पाऊल उचलवत नव्हतं.

काकी हळूच म्हणाल्या, "अहो, बसा जरा. खुर्ची मागवू का कुणाकडून?"

 काका वर बघत होते.

वर दार वाजलं. आक्का बाहेर आली. मागे शेजारीण, तिच्या हातात ओवाळणीचं ताट. आक्काने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि अनवाणी पाऊल खालच्या पायरीवर टाकलं.

"दुखरा आधी," काका खालून ओरडले.

"ठाऊक आहे रे," आक्का म्हणाली. "रोज दुपारी फोनवर कान खातोस. टाच आधी, ओटा धर, ओटा सोड. माझा ओटा झिजला."

काकींनी माझ्याकडे बघितलं, मी काकींकडे. शर्टाच्या खिशात पट्टीसोबत मोबाईलही असायचा, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. पल्लवीने सकाळी काकांना जे शिकवलं ते दुपारी डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात पोहोचत होतं. गुडघ्यांना काय चालेल आणि काय नाही, हेसुद्धा काकांनी तिला विचारून घेतलं होतं. आपण पडलो हेसुद्धा त्यांनी बहिणीपासून लपवलं नव्हतं.

आक्का एकेक पायरी करत वळणापर्यंत आली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. पाट नाही, रांगोळी नाही, तोंड पूर्वेला आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. आक्काने टिळा लावला, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. "किती वाळलास रे दत्तू," म्हणून लाडू भरवला. काकांनी तक्रार केली नाही, लाडूचीसुद्धा.

मग त्यांनी खोका पुढे केला. आक्काने बूट बाहेर काढून उलटसुलट बघितले. "साडीखाली बूट? लोक हसतील."

"हसू देत. घसरणार नाहीस. घाल, खाली जायचंय."

"आज?"

"आजच. मी वर यायचा तो आलो. आता तुझी पाळी." आणि मग, आमच्याकडे न बघता, "आक्का, पुढच्या वर्षी मला चढायला जमेल की नाही, सांगता येत नाही. मी नाही आलो तर तू वरच बसून राहणार. तुला उतरता आलं पाहिजे."

 आक्का खुर्चीत बसली आणि पाय पुढे केले. काकींनी खाली वाकून बुटांच्या पट्ट्या लावल्या.

उतरायला खूप वेळ लागला. दोघंही कठडा धरून, पुढे आक्का आणि मागे काका, दोघांचाही दुखरा पाय आधी. प्रत्येक वळणावर थांबत. वर परत जायचं कसं, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, पण तो मी विचारला नाही.

फाटकाबाहेर आक्का रस्त्यावर उभी राहिली. समोरच्या भाजीवालीने मान वर करून बघितलं आणि हातातली जुडी खाली ठेवली. "अगं बया, आक्का, तुम्ही? मी तर इतके दिवस टोपलीलाच ओळखते." आक्का तिच्याकडे गेली आणि मेथी स्वतःच्या हाताने उलटून बघायला लागली. नवे बूट साडीखालून दिसत होते.

काका फाटकाला टेकून तिच्या पावलांकडे बघत होते. पाऊल घासत नव्हतं.

"पास," ते म्हणाले.

मी आणि काकी सवयीने 'पण'ची वाट बघत उभ्या राहिलो. काकांनी खिशातून रुमाल काढला, आमच्याकडे पाठ केली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.