दौलतअण्णांचं शटर

दौलतअण्णांच्या टीव्हीला अजून शटर आहे आणि ते रोज चालतं. त्यांचा जुना काळा-पांढरा टीव्ही गेला आणि रंगीत आला, तेव्हा अण्णांनी दुकानदाराला विचारलं, "याचं दार कुठंय?" दुकानदार म्हणाला, "अण्णा, आता दारं येत नाहीत." अण्णांनी घरी सुतार बसवला, टीव्हीभोवती सागवानी पेटी करून घेतली आणि तिला दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं लावली. दारं सरकताना अडायला नकोत म्हणून खोबणीत मेण घासलं. आता टीव्हीपेक्षा पेटीच भारी दिसते.

अण्णा फूलवाले. मखमलाबाद रस्त्याला आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर आणि मागे गुलाब-शेवंतीचा मळा. पहाटे फुलं तोडायची, टोपल्या भरायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि पंचवटीतल्या फूलबाजारात पोचवायची. सगळा जन्म गोणपाटाखाली गेल्यामुळे उघडी पडलेली वस्तू त्यांना बघवत नाही. सायकलच्या सीटला फडकं, विजेच्या मीटरला फडकं, देवघरातल्या घंटेलाही फडकं. "झाकलं की ताजं ऱ्हातं," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. मी एकदा त्यांच्या ओट्यावर पत्रकांचा गठ्ठा ठेवून पाणी प्यायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर गठ्ठ्यावर ओलं गोणपाट. 'स्त्रीदेहाचा बाजार थांबवा' मधला 'थांबवा' पार वाहून गेलेला. मी भडकले, तर म्हणाले, "दुपारचं ऊन हाय. सुकली असती ना." तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. "काय गं पत्रक, आज कुणाच्या नावानं बोंब?" असं विचारतात.

मी आमच्या महिला मंचाची कार्यकर्ती. पत्रकं लिहिते, वाटते, भिंतींवर चिकटवते. टीव्ही बघत नाही, कारण ज्याच्या विरोधात लिहायचं त्याच्यासमोर रोज रात्री मांडी घालून बसणं मला पटत नाही. पण विमान कंपनीची ती जाहिरात मी मैत्रिणीकडे मुद्दाम जाऊन पाहिली.

रात्रीचं विमान. हवाई सुंदरी एका टायवाल्या प्रवाशावर ओणवी होते आणि कानाशी म्हणते, "एक रात्र आमच्यासोबत काढून बघा. घरी सांगायची गरज नाही." तो लाजतो. मग कळतं, गोष्ट फक्त आडव्या होणाऱ्या खुर्चीची आहे. तो घोरत झोपतो, सकाळी विमान उतरतं, बायको फुलं घेऊन विमानतळावर धावत येते आणि त्याच्या गळ्यात पडते. संपली जाहिरात.

ती सुरू झाल्यावर गल्लीचं जे झालं ते पाहण्यासारखं होतं. सलूनमध्ये दाढी करून घेणाऱ्यांची गर्दी वाढली, कारण तिथला टीव्ही दिवसभर चालू. ज्यांनी आयुष्यात इगतपुरीच्या पुढे रेल्वेनं प्रवास केला नव्हता ते विमानाच्या तिकिटांची चौकशी करू लागले. निवृत्त हेडमास्तर मला म्हणाले, "अत्यंत हीन अभिरुची. मी चार वेळा पाहिली, चारही वेळा किळस आली." भजनी मंडळातल्या काकूंचं म्हणणं वेगळंच होतं. "अगं, ह्यांना एक रात्र नेऊन ठेवा म्हणावं. घोरणं ऐकून विमान कंपनीच बंद पडेल." अशा लोकांच्या जोरावर मला आंदोलन उभं करायचं होतं.

आणि मग बातमी आली की ही जाहिरात लागली की दौलतअण्णा ताडकन उठतात आणि शटर लावतात. त्यांच्याकडे केबल असल्यामुळे संध्याकाळी गल्लीतले बरेच जण त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसलेले असत. त्या सगळ्यांसमोर, कुणाची भीड न धरता, खर्रकन शटर. आवाज तरी येतोच, म्हणून अण्णा वर मोठ्यानं खोकतात आणि शेवंतीचा भाव सांगतात.

मला भरून आलं. आम्ही सभा घेतो, निवेदनं देतो, आणि हा माणूस कुणाला न सांगता रोज एकट्यानं निषेध करतो. असा माणूस मंचाला हवा होता. मी ठरवलं, निषेध सभा अण्णांच्याच घरी आणि अध्यक्ष अण्णाच.

"मी काय बोलू गं?" अण्णा म्हणाले.

"काही बोलू नका. फक्त बसा. तुमचं शटरच भाषण आहे."

हे त्यांना आवडलं नाही. टोपी काढून ठेवली आणि तिच्यावर रुमाल टाकला. मग आत बघून म्हणाले, "शैले, चहा टाक. पत्रक आलंय, लवकर जायचं नाय ते."

शैलाताई त्यांची मुलगी. लग्न होऊन गेली होती. नवरा मस्कतला नोकरीला गेला, त्याला सोडायला घरचे सगळे मुंबईच्या विमानतळापर्यंत गेले होते, आणि अण्णांनी त्याच्या गळ्यात स्वतःच्या मळ्यातल्या गुलाबांचा हार घातला होता. तो परत आला नाही. तिकडेच दुसरं घर केलं म्हणतात. शैलाताई माहेरी आली, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या बरोबर समोर, गजरे ओवत बसू लागली, आणि गल्लीनं विचारायचं सोडून दिलं. अण्णांसमोर तर मस्कत हा शब्दही कुणी काढत नाही.

सभेला लोक भरपूर आले, कारण जाहिरात दाखवणार अशी बातमी मीच पसरवली होती. ज्याचा निषेध करायचा ते लोकांनी नीट पाहिलेलं असावं हे माझं मत. केबलवाल्याकडून कॅसेट करून घेतली, व्हीसीआर भाड्यानं आणला. अध्यक्ष टीव्हीशेजारच्या स्टुलावर, हात शटरच्या मुठीवर ठेवून बसले. हेडमास्तर पहिल्या रांगेत, चष्मा पुसून तयार. शैलाताई कोपऱ्यात, मांडीवर मोगऱ्याचं सूप.

मी बोलले. हा प्रश्न एका जाहिरातीचा नसून प्रवृत्तीचा आहे, वगैरे. मग कॅसेट लावली.

हवाई सुंदरी ओणवी झाली. "एक रात्र आमच्यासोबत काढून बघा." मी शटरकडे बघत होते. शटर हललं नाही. अण्णा हसत होते. मिशीतल्या मिशीत नव्हे, चांगले खांदे हलवून हसत होते. "लय चावट हाय बया," असंही म्हणाले. सभा खिदळली. काकूंनी पदर तोंडाला लावला. माझा अध्यक्ष माझ्याच डोळ्यांदेखत फितूर झाला होता.

टायवाला घोरला. विमान धावपट्टीवर टेकलं. आणि चाकं टेकताक्षणी अण्णा उठले, खर्र, शटर बंद.

"अण्णा, चुकीच्या जागी लावलंत," मी म्हणाले. "वाईट भाग होऊन गेला."

"झालं तेवढं पुरे."

"शेवटही बघू द्या ना लोकांना. बायको म्हणजे नुसतं विमानतळावर वाट बघणारं बाहुलं, हे मला त्यांना दाखवायचंय." मी कॅसेट मागे नेली आणि शटर उघडलं. विमान पुन्हा उतरलं. अण्णांनी पुन्हा लावलं. मी उघडलं. आतून संगीत वाजत होतं, अण्णा खोकत होते, आणि खोकता खोकता सांगत होते, "शेवंती आज पडली बरं का, बाजार लय पडला." लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. हेडमास्तरांनी टाळीही वाजवली.

तिसऱ्यांदा मी शटरला हात घातला, तेव्हा अण्णांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही. ते माझ्या खांद्यावरून कोपऱ्यात बघत होते, जिथे शैलाताई बसली होती.

मी इतकी पत्रकं लिहिली, पण त्या नजरेत जे होतं ते मला एकाही पत्रकात लिहिता आलेलं नाही. मी मूठ सोडली. व्हीसीआर बंद केला. सभेचे अध्यक्ष म्हणाले, "सभा संपली. चहा हाय सगळ्यांना." निषेधाचा ठराव राहूनच गेला.

लोक गेल्यावर शैलाताई कॅसेट द्यायला फाटकापर्यंत आली. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर तिनंच सुरुवात केली.

"तुला वाटतं मी तो शेवट पाहिला नाही? समोरच्या वहिनींकडे कितीदा पाहिलाय. गजरे द्यायला जाते तेव्हा."

"मग?"

"मग काय. ती बाई पळते ते बरं वाटतं बघायला. साडी चांगली आहे तिची." तिनं कॅसेट माझ्या हातात दिली. "पण अण्णांना सांगू नकोस. तो हार त्यांनी घातला होता ना, ते त्यांना विसरता येत नाही. ते खोकतात, शटर लावतात, मग रात्री दोन घास जास्त जेवतात. लावू दे."

जाहिरात वाईटच होती, त्या मतावर मी आजही ठाम आहे. निषेधाच्या निवेदनावर सह्या मी नंतर दुसऱ्या गल्लीतून गोळा केल्या. अण्णांची सही मागितली नाही.

परवा सहज त्यांच्याकडे गेले होते. बाहेरच्या खोलीत मालिका चालू होती, मध्येच तीच जाहिरात लागली, ती अजून बंद झालेली नाही. "काय गं पत्रक, बघ तुझी मैत्रीण आली," अण्णा म्हणाले आणि हवाई सुंदरीच्या वाक्याला मनापासून हसले. मग विमान खाली येऊ लागलं. अण्णांचा हात मुठीकडे निघाला. आता त्यांना उठायला वेळ लागतो, गुडघे धरतात. चाकं टेकली तरी ते अजून अर्धे उठलेलेच होते. बायको धावत निघालीसुद्धा.

मी कोपऱ्यात पाहिलं. शैलाताईची नजर टीव्हीवरून कधीच हटली होती. सुई उजेडाकडे धरून ती दोरा ओवत होती, जो आधीच ओवलेला होता.

खर्र. शटर लागलं. अण्णा धापा टाकत वळले.

"शैले, काय दिसलं का गं?"

"कुठं काय, अण्णा?" ती म्हणाली. "दोरा जात नव्हता सुईत."

अण्णांनी मान हलवली, स्टूल तिच्याजवळ घेऊन बसले, आणि तिच्या पुढ्यातल्या मोगऱ्यावर ओलं फडकं नीट ओढून घेतलं.