कोबी, पोर्क आणि ओंजळभर मिरच्या

"आज तू स्वयंपाकघरात पाऊलही टाकायचं नाहीस!" चष्म्याच्या दुकानदाराने बायकोला बजावलं. "कोबी आणि पोर्क, चायनीज पद्धतीने, झणझणीत! तुझे बाबा बोटं चाटत बसतील!"

बायको हसली नाही, हीच मेहेरबानी. तिचे बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. लग्नापासून आजवर जावयाच्या कुठल्याही गोष्टीला "बरंय" याच्या पुढे त्यांची जीभ गेली नव्हती. जावयाला आज एक खणखणीत "वा!" हवा होता.

सुरुवात तर फक्कड झाली. पोर्कच्या पातळ पट्ट्या लसूण आणि सोया सॉसमध्ये खरपूस परतून बाजूला काढल्या. कोबी चिरून तयार. आता कडक तेलात सुक्या लाल मिरच्या, आणि रंग बदलला रे बदलला की लगेच कोबी! त्याने ओंजळभर मिरच्या सोडल्या आणि दाराची बेल वाजली.

सासरे! जावई धावला. "या बाबा, बसा बाबा, पंखा लावतो बाबा!"

पंखा लागला आणि मिरच्यांचा धूर घरभर पसरला. धूर कसला, नाकातोंडात शिरलेला वणवाच! बायको शिंकांनी बेजार, सासरे ठसक्याने लालबुंद. जावयाने कसंबसं खिडकीबाहेर डोकं काढलं.

"काय झालं हो?" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वाकून विचारलं.

"मिर... मिर..." शब्द काही पुरा होईना.

"अगंबाई! चष्मेवाले मरतोय म्हणतायत!"

काकूंचा आवाज इमारतभर घुमला. झालं! सासऱ्यांच्या अंगात एकदम जुनी नोकरी संचारली. "सगळे खाली! लिफ्ट नाही, जिन्याने! सामान घ्यायचं नाही!" त्या आवाजापुढे कोणाची बिशाद? दाढीला फेस लावलेले गृहस्थ, केसांना रंग थापलेल्या बाई, काखोटीला मांजर मारलेल्या काकू, सगळे रस्त्यावर!

"अहो बाबा, आग नाहीये, मिर..."

"तुम्ही बोलू नका! धूर गेलाय छातीत!" सासऱ्यांनी दरडावलं. तोंडाला ओला टॉवेल बांधून ते एकटेच परत वर गेले.

गेले ते येईचनात. बायको रडकुंडीला आली. "अहो, बाबांचं वय बघा ना!"

जावई जिन्याकडे वळला. खड्ड्यात गेला तो "वा!", म्हातारा धडधाकट खाली येऊ दे! तो धापा टाकत जिना चढला.

स्वयंपाकघरात खिडक्या सताड उघड्या, कोळसा झालेल्या मिरच्या सिंकमध्ये. आणि टॉवेल बांधलेले सासरे, दोनच नव्या मिरच्या घालून, निवांत कोबी परतत होते!

"गॅस तसाच सोडून पळालात. बंद करायला आलो, म्हटलं एवढा चिरलाय तर वाया का घालवायचा? ते पोर्क द्या इकडे."

रस्त्यावरच्या मंडळींना घरोघरी पाठवून तिघं जेवायला बसले. वाफाळती ताटं समोर. सासऱ्यांनी घास घेतला. जावई श्वास रोखून.

"चव काही कळत नाही हो. जीभ पार बधिर झालीये."

जावयाने खाऊन पाहिलं. त्यालाही कापूस चावल्यासारखं लागलं.

"मीठ घातलंत ना, बाबा?" बायकोने विचारलं.

"मी कशाला घालू? जावईबापूंनी घातलं असेल."

जावईबापूंनी पुष्कळ आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना, आणि खाऊन सांगू शकेल अशी एकही जीभ घरात शिल्लक नव्हती!