आप्पांचं नाणं आणि माझा हात

आमच्या शेजारच्या आप्पांच्या घरी नाण्यांचा डबा उघडला की सगळ्यांनी श्वास रोखायचा असतो. नाण्यावर वाफ बसते म्हणून. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी दारात तसाच उभा केला होता. डबा मिटल्यावरच त्याला बोलायची परवानगी मिळाली.

आप्पा मूळचे विट्याचे. तीस वर्षं दक्षिणेत सोनं आटवण्याचं, म्हणजे गलाईचं, दुकान चालवलं; आता सांगलीत एकटेच राहतात. एवढं सोनं हाताखालून गेलं, पण जीव जडला तो प्रूफ नाण्यांवर. ही नाणी बाजारात चालवायची नसतात. टांकसाळ ती संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत पाडते. त्यांवर आप्पा दुहेरी उमटलेलं अक्षर शोधतात. ठशातच अक्षर दुहेरी असेल तर ते खरं. छापताना ठसा नुसता सरकला असेल तर आप्पा तोंड वाकडं करतात. "ह्ये हललेलं हाय. ऱ्हाऊ द्या."

"कडंनं बघा" हा त्यांचा मंत्र. नाणं कडंनं बघायचं, मंडईतलं वांगंही कडंनं बघायचं. माझ्या मुलीला आलेल्या स्थळाचा फोटो त्यांनी भिंगाखाली तिरपा धरला आणि म्हणाले, "पोरगं बरं हाय, पर लय घासून चमकवलंय."

दर रविवारी सकाळी फोटोचा कार्यक्रम. नाणं आरशासारखं, त्यामुळे फोटोत अक्षराआधी आप्पांचं नाक येतं. म्हणून खिडक्या बंद, समोर काळं कापड, कापडाला भोक, भोकाशी मोबाईल आणि मोबाईल माझ्या हातात. आप्पा बॅटरी घेऊन भोवती फिरतात. "सर, हलू नगा. आवं, मास्तर माणूस तुमी, एवढं कसं हलताय?"

गेल्या महिन्यात संग्राहकांच्या मंडळाचं प्रदर्शन ठरलं. आप्पांच्या शंभराच्या एका नाण्यावर 'भारत' दुहेरी होतं. स्पष्ट फोटो पाठवला तर मंडळ तो मांडणार होतं, खाली आप्पांचं नाव लिहून. आम्ही दोनदा पाठवला. "नाणं दुहेरी आहे की फोटो?" असं उत्तर आलं, आणि ग्रुपवर सगळे हसले. आप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत. हलला होता माझा हात.

मुदतीच्या शेवटच्या रविवारी कापड काढायला मी कपाट उघडलं. मागे मोबाईलचा स्टँड होता, आप्पांच्या मुलानं दिवाळीत बंगळुरूहून पाठवलेला. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. मी काही न विचारता तो लावला. फोटो लख्ख आला, 'भारत'ची प्रत्येक कड वेगळी दिसत होती. दहा मिनिटांत मंडळाचा होकार आला.

मी टाळीसाठी हात पुढे केला. आप्पा स्टँडकडे बघत बसले होते.

"म्हंजे आता रविवारचं तुमचं काय काम न्हाई," ते हळूच म्हणाले.

या माणसानं दर रविवारच्या सोबतीसाठी चारचौघांत आपलं हसं होऊ दिलं होतं.

मी उठलो नाही, हे बघून त्यांनी स्टँडची घडी केली, पुन्हा खोक्यात घातला आणि कपाट लावलं.

"मागली बाजू ऱ्हायलीय, सर," ते म्हणाले. "ती हातानंच काढू."

मी मोबाईल हातात घेतला.