गव्याचा तालुका

ज्या जमिनीवर दोघे हक्क सांगतात तिथे भांडण होतं. ज्या जमिनीवर दोघेही हक्क नाकारतात तिथे पत्रव्यवहार होतो. करवंदखोल ही बावीस घरांची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या उतारावर, दोन तालुक्यांच्या मधोमध अशा पत्रव्यवहारात वसलेली आहे. भात, नाचणी आणि काजू ही तिथली हंगामी पिकं. ‘सदर बाब आमच्या हद्दीत येत नाही’ हे बारमाही. (मतदानाच्या दिवशी मात्र वाडी दोन्ही तालुक्यांत असते.)

चैत्रातल्या एका सकाळी प्रभावती कळशी घेऊन वाडीच्या विहिरीवर गेली, तर आत गवा. विहिरीला कठडा नव्हता. कठड्याचा प्रस्ताव दोन्ही तालुक्यांत होता. छातीभर पाण्यात उभा राहून गवा वर बघत होता. प्रभावतीचा नवरा मुंबईला, वाडीतले बहुतेक बाप्ये तिकडेच. तिने शेजारच्या सत्तरीच्या भागोजींना हाक मारली.

“तात्या, बावीत गवा पडलाय.”

भागोजींनी वाकून पाहिलं. “मेला नाय ना गो? मेला असता तर सोपा होता. जित्या जनावराला साहेब लागतो.”

साहेब दुसऱ्या दिवशी आले, दोन्ही तालुक्यांचे एकेक. त्यांनी टेप लावली. हद्दीची रेषा बरोब्बर विहिरीच्या मध्यातून जात होती. त्यामुळे गव्याचं तोंड वरच्या तालुक्यात व शेपूट खालच्या तालुक्यात, असा पंचनामा झाला. वरचे साहेब म्हणाले, गवा मागे सरकताना पडला, सबब जबाबदारी शेपटाची. खालचे म्हणाले, गवा चरायला आला, आणि चरणं ही तोंडाची बाब आहे. एवढ्यात गवा वळला. दोघांनी आपापली बाजू बदलून पंचनामा नव्याने लिहिला. गवा पुन्हा वळला. शेवटी ‘जनावर चौकशीस सहकार्य करत नाही’ असा शेरा मारून कागद रत्नागिरीला धाडायचं ठरलं.

“तो अर्धा वरचा नि अर्धा खालचा असंल साहेब,” प्रभावती म्हणाली, “पण भूक त्येला अख्खी लागलीय.”

“ते आमच्याकडे येत नाही,” दोन्ही साहेब म्हणाले. हे त्यांचं पहिलं एकमत.

गेल्या साली गव्यांनी प्रभावतीची नाचणी तुडवली होती. त्यामुळे ती शिव्या देत देत त्याला पेंढा टाकायची, पण टाकायची. चौथ्या दिवशी तो मान खाली घालून उभा दिसला, पेंढ्याला तोंड लावीना. ती घरी गेली आणि खणायचा पिकाव घेऊन आली.

“परवानगी नको?” भागोजींनी विचारलं.

“कोणाची?”

भागोजी घरी गेले आणि फावडं घेऊन आले. बायका आल्या, म्हातारे आले. दोन दिवस जांभा फोडून विहिरीच्या एका अंगाला उतार काढला. पाचव्या दिवशी संध्याकाळी गवा धडपडत वर आला, जरा थांबला, आणि भागोजींच्या वांग्यांवरून जंगलात गेला. पदर तोंडाला लावून प्रभावती हसत होती की रडत होती, ते कोणाला कळलं नाही.

पंधरा दिवसांनी दोन नोटिसा आल्या: विनापरवाना उत्खनन आणि वन्य प्राण्यास परस्पर सोडून देणे. दोन्हींत ‘आमच्या हद्दीतील मौजे करवंदखोल’ असं स्वच्छ लिहिलं होतं. भागोजींनी त्या देवाजवळ ठेवल्या. इतका मान वाडीला कधी मिळाला नव्हता. प्रभावतीने खुलासा धाडला: “गवा कोणत्या तालुक्यात गेला हे आपण दोघांनी ठरवावं. आम्ही त्याच तालुक्याला उत्तर देऊ.” अद्याप ठरलेलं नाही.

गवा वर येतानाचा व्हिडिओ वाडीतल्या दर्शना नावाच्या सुनेने काढला होता. तो अकरा लाख लोकांनी पाहिला. गवा आता बरा आहे का, त्याला लागलं तर नाही ना, असं लोक कळवळून विचारत होते. पाच दिवस त्या बावीस घरांनी पाणी कुठून आणलं, हे अकरा लाखांतल्या एकानेही विचारलं नाही.

तसं ते आपणही विचारलं नाहीत.