टांगानिकाची अर्धी जोडी

प्रधानकाकांनी मला फसवलं. मागावर राबत राबत मागाचा मालक झालेल्या, सुतापासून शेंगदाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा भाव पाडून घेणाऱ्या मला, भिवंडीतल्या कामतघरच्या एका म्हाताऱ्या कारकुनाने फसवलं.

काका आमच्या चाळीत टोकाच्या खोलीत एकटे राहायचे. उमेदीची सारी वर्षं आफ्रिकेत, टांगानिकातल्या घायपाताच्या मळ्यावर हिशेब लिहिण्यात गेली. परत आले ते तिकडचं घड्याळ डोक्यात घेऊन. तिथे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. "म्हात्रे, उद्या दोनला येतो" म्हणाले, की मी दुपारचा चहा सांगून ठेवायचो. हे सकाळी आठला कडी वाजवत हजर, मी रातपाळी करून आडवा झालेला.

"काका, दोन म्हणाला होता ना?"

"दोनच वाजलेत. सूर्याला विचार."

मी तापलो की म्हणायचे, "पोले पोले." म्हणजे हळू, हळू. त्याने मी आणखी तापायचो.

वडप्याच्या रस्त्याला कुंपणात घायपात दिसलं की थांबून पातीवरून हात फिरवायचे. मग भूगोल सुरू. किनाऱ्याला लवंग, आत घायपात, डोंगरात कॉफी. "मळा गोऱ्याचा, वही आपली, घाम तिथल्यांचा. पात तिथली, दोर विलायतेत वळायचा आणि तिथल्यांनाच विकायचा. तू बरा, म्हात्रे. तू निदान तोंडावर लुटतोस." पुढे नायलॉनचा दोर आला, घायपाताचा भाव बसला, मळा सरकारने घेतला आणि काका भिवंडीला आले.

बांगलादेशच्या लढाईनंतरच्या वर्षी त्यांनी माझ्यासमोर जाळं टाकलं.

"तिकडच्या बायका कांगा नेसतात. रुंद पन्हा, छापील, काठावर एक ओळ. कायम जोडीने. एक कमरेला, एक डोक्यावरून. अर्धी जोडी कुणी फुकटसुद्धा घेत नाही. केवढा किनारा, केवढ्या बायका, म्हात्रे! तू माल दे, गिऱ्हाईक माझं."

मला झोपेतही त्या बायका दिसायला लागल्या. एक माग थांबवला, रुंद ताणा चढवला, नमुन्याची जोडी विणून छापून आणली. काठावरची ओळ काकांनीच दिली, "निपो हापा". अर्थ, मी इथे आहे.

"असली ओळ कोण घेणार? त्यापेक्षा फुलं छापू."

"घेणारी घेईल."

काकांनी नमुना टपालाने धाडला. ऑर्डर काही येईना. शेवटी एकदा मीच त्यांच्या दोन वाजता, सकाळी आठला, जाऊन कडी वाजवली. काका खाटेवर बसले होते. अंगावर माझाच कांगा, जोडीतला एकच.

रागात माझी गावची बोली सुटते. "काका, ऑर्डर हाय का न्हाय?"

"होती. एकाच बाईची."

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"सलमा. मळ्यावर पात सोलायला होती. एका घरात राहायचो आम्ही. माझे कागद इकडचे, तिचे तिकडचे, एकत्र येऊ देईनात. मागून ये म्हणालो."

"आणि जोडी फाडली कशाला?"

"अर्धी तिला धाडली. अर्धी कुणी ठेवून घेत नाही, सांगितलं होतं ना तुला? जोडी लावायला येईल ती."

हा डाव माझा! अर्धा माल अडकवून गिऱ्हाइकाला दारात आणायचं, हे आख्ख्या बाजाराला मी शिकवलं. माझ्याच मालावर, माझ्याच डावाने म्हाताऱ्याने मला कापलं होतं. मी भांडायला गेलो होतो, चहा पिऊन आलो.

पावसाळा सरला आणि पार्सल परत आलं. वर शिक्क्यांची गर्दी, आतली घडी जशीच्या तशी. काकांनी ती उशाशी ठेवली.

"किती वाजले रे, म्हात्रे?"

दुपारचा एक वाजला होता. "सात," मी म्हणालो.

आता माझं ऐका. माल विणला मी, छापून आणला मी, परत आला तर कारण विचारायचा हक्कही माझाच. इकडचा असो, तिकडचा असो, ज्या कुणी खुर्चीत बसून ते पार्सल मागे फिरवलं, त्याने कामतघरला यावं, टोकाच्या खोलीत काकांसमोर बसावं आणि सांगावं, मालात काय खोट होती?