दिगंबरकाकांची छत्री

आकाशात पहिली गडगड ऐकू आली की आमच्या शेजारचे दिगंबरकाका टीव्हीमागची डिशची वायर उपसतात, तिचे टोक लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडतात आणि बरणीच्या तोंडावर वाटी पालथी घालतात. वायरीतून वीज उतरलीच, तर तिने बरणीत बसावे, अशी ही व्यवस्था. बरणीला मोहरीचा आणि हिंगाचा जुना वास अजून आहे. "बसू दे मुरत," काका म्हणतात.

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या आमच्या इमारतीत बाकी सगळ्यांकडे आता इंटरनेटवरचा टीव्ही आला आहे. गच्चीवर उरली आहे ती काकांच्या डिशची एकटी छत्री. पाऊस आला की मिटावी लागणारी जगातली बहुधा एकमेव छत्री. काकांच्या घराण्यात तीन पिढ्या कोर्टकचेरीत गेल्या. ते स्वतः मुहाफिजखान्यात, म्हणजे कोर्टाच्या जुन्या कागदांच्या खोलीत, कारकून होते आणि तिथली उर्दू त्यांच्या मराठीत अत्तरासारखी जिरलेली आहे. ढग हा त्यांच्या लेखी खोटा फिर्यादी. वीज लखलखली की ते खिडकीशी ताठ उभे राहून तिला ठणकावतात, "दरख्वास्त खारिज." प्लग काढला, वायर काढली, आता कसली सुनावणी?

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी छत्रीच्या खांबाला जाड तांब्याची तार बांधून ती थेट अंगणात उतरवली. खड्ड्यात तांब्याचा पत्रा पुरला, त्यावर मीठ आणि कोळसा यांचे थर दिले, आणि माती ओली राहावी म्हणून रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी घालू लागले. हे नित्यकर्म वॉचमनच्या बायकोने, यादम्माने, काही दिवस पाहिले आणि एका शुक्रवारी त्या जागेला हळदकुंकू लावून जास्वंद वाहिली. काका तिला अर्थिंग समजावून सांगतील असे मला वाटले होते. "देव मानते तर मानू दे," ते म्हणाले, "पाणी तर घालते."

हा सारा बंदोबस्त एका डब्यासाठी होता. टीव्हीखाली बसवलेला, कार्यक्रम साठवून ठेवणारा काळा, जुनाट डबा. त्यात एकच कार्यक्रम साठवलेला होता. डबा बदलून द्यायला आलेल्या मेकॅनिकला काकांनी त्याबद्दल विचारले, तेव्हा तो म्हणाला, "वो इसीच में चलता अंकल. नए में नै आता." नवा डबा फुकट होता. काकांनी मेकॅनिकला चहा पाजला आणि नव्या डब्यासकट परत पाठवले.

तो कार्यक्रम मोबाइलवर उतरवून घ्या, असे मी एकदा सुचवले. मी खोटा शिक्का मारताना सापडले असावे, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "ताई, नक्कल दाखल होत नाही. अस्सल लागते."

मे महिन्यातल्या एका दुपारी काका मोतीबिंदू दाखवायला कोठी भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. चारच्या सुमारास आभाळ जांभळे झाले, हवेला तापल्या सिमेंटचा वास सुटला आणि माझा फोन वाजला. आवाज मी पटकन ओळखला नाही. त्यात कोर्ट नव्हते.

"ताई, किल्ली तुमच्याकडे आहे. वायर काढाल का? डबा जळला तर ती जाईल."

काकांच्या पत्नीला, सुमतीकाकूंना, जाऊन तीन वर्षे झाली होती.

धावत जाऊन मी प्लग काढला. वायरीचा पेच मात्र घट्ट बसला होता. पदरात धरून तो फिरवला, टोक बरणीत सोडले, वर वाटी घातली, आणि मागे सरते तोच डोक्यावर असा कडाका झाला की कपाटातल्या काचा किणकिणल्या. त्या एका कडाक्यात आमच्या घरचा वायफायचा डबा गेला. स्वतःच्या घराबाबतची ही बेपर्वाई काकांनी मला अजून माफ केलेली नाही.

ते परतले तेव्हा नखशिखांत भिजले होते, औषधाच्या थेंबांनी एका डोळ्याची बाहुली विस्फारली होती. त्यांनी आधी बरणी चाचपली. पाऊस पूर्ण ओसरल्यावर वायर जोडली आणि मला बसायला सांगितले. तक्रारी ऐकून सल्ला देण्याचा एक मराठी कार्यक्रम असे, त्यात काकूंनी फोन केला होता. तो साठवून ठेवून त्या काकांना म्हणाल्या होत्या, एकदा ऐका.

"मी म्हटलं, पुढच्या तारखेला," काका म्हणाले. तारखा पडत गेल्या. दोन महिन्यांनी काकू गेल्या.

पडदा उजळला. हसरी निवेदिका, थोडी खरखर, आणि मग फोडणीत पडलेल्या कढीपत्त्यासारखा काकूंचा तडतडीत आवाज.

"हैदराबादहून बोलतेय. माझी तक्रार अशी, की आमचे हे माझं काहीच ऐकून घेत नाहीत. हॅलो? आवाज येतोय ना माझा?"

निवेदिका काही बोलण्याआधी काका खुर्चीत पुढे सरकले.

"येतोय," ते म्हणाले. "बोल."